बिल्टीवर नाव नसलेला माणूस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या हिवाळी पिकाची, तोड सुरू झाली की वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट पट्ट्यातून दिवस कलताना संत्र्याच्या गाड्या दिल्लीच्या वाटेला लागतात. केबिनमध्ये ड्रायव्हर असतो, क्लीनर असतो आणि पुष्कळदा तिसरा एक जण असतो. बगीचावाल्याचा मुलगा, पुतण्या, मेहुणा, नाहीतर व्यापाऱ्याने पाठवलेला भरवशाचा माणूस. मंडीत कॅरेट मोजून उतरवून घेणे, दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब) घेणे आणि राहिलेले भाडे चुकते करणे ही त्याची कामे. गावात विचारले तर 'गाडीसोबत गेला' एवढेच उत्तर मिळते. कितीदा तर हौसेपोटीच पाठवणी होते, "घेऊन जाय ना भाऊ आमच्या पोट्ट्याले, तेवढीच दिल्ली पाहून येईन."

त्या पोट्ट्याबद्दल हे पत्र आहे. गाडीत किती कॅरेट आहेत हे बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीवर, असते. हा माणूस मात्र कोणत्याच कागदावर नसतो, आणि अपघात झाला की विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात धरला जातो. २०१९ च्या मोठ्या दुरुस्तीनंतरही ही तरतूद कायम आहे. मात्र ओळखीपाळखीने फुकट बसवून नेलेला माणूस त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी आणि २००४ मध्ये बलजीत कौर या प्रकरणांत हे स्पष्ट केले. पाचशे रुपये घेऊन बसवलेल्याची गत वेगळी नाही, कारण मालवाहू ट्रकला प्रवासी नेण्याचा परवानाच नसतो. कधीकधी न्यायालय कंपनीला 'आधी पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा' असे सांगते. पण आमच्याकडचे बरेच गाडीमालक एका गाडीचे, तीही हप्त्यावरची. त्यांच्याकडून वसुली म्हणजे आणखी एक घर बसणे.

म्हणजे एकाच सीटवर बसलेला तोच माणूस बिल्टीवर नाव असेल तर विम्यात, नसेल तर विम्याबाहेर. हा फरक पडतो दोन ओळींच्या मजकुराने आणि तो लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

बिल्टीवर माल देणाऱ्याचे नाव, माल घेणाऱ्याचे नाव, गाडी नंबर, कॅरेटची संख्या, वजन, ठरलेले भाडे, दिलेला अॅडव्हान्स आणि बाकी एवढे असतेच. त्याच्याखाली, शेऱ्याच्या जागी, स्पष्ट अक्षरात लिहायचे : 'मालासोबत मालमालकाचे प्रतिनिधी श्री. अमुक, राहणार तमुक, प्रवास करीत आहेत.' शेजारी त्याची सही आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा शिक्का. दुसरा कागद साधा, माल ज्याच्या नावावर आहे त्याने दिलेले अधिकारपत्र. त्यात तारीख, गाडी नंबर, मालाचा प्रकार, कुठून कुठे, प्रतिनिधीचे नाव आणि मालकाची सही हवी. दोन्ही कागदांचा फोटो घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवायचा, कारण केबिनमधला कागद केबिनसोबतच चेंदामेंदा होतो. ताज्या फळांना जीएसटी नाही आणि त्यामुळे ई-वे बिलही लागत नाही. हे सोयीचे आहे, पण त्यामुळेच संत्र्याच्या गाडीचे कागद ढिले राहतात. कापसाच्या गाठी भरल्या असत्या तर चार कागद तपासूनच गाडी हलली असती.

दोन चुका हमखास होतात. पहिली, चार-पाच जणांचा माल एका गाडीत भरतात आणि प्रत्येकाचा एकेक माणूस चढतो. गाडीच्या आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) आसनक्षमता छापलेली असते. मोठ्या ट्रकला ती ड्रायव्हर धरून दोन किंवा तीन असते. त्या आकड्याच्या वरचा माणूस मालाचा खरा मालक असला तरी वादात सापडतो. आणि केबिनमध्ये जागा नाही म्हणून ताडपत्रीवर जाऊन निजणारा तर नक्कीच. मालमालकाने बसायचे ते केबिनमध्ये, मालावर नाही, हेही न्यायालयांनी सांगून झाले आहे. दुसरी चूक अपघातानंतरची. क्लीनर गाडीचा नोकर म्हणून विम्यात येतो, त्यामुळे 'क्लीनर होता म्हणून लिहून टाकू' असे सांगणारे तिथे लगेच भेटतात. पगाराची नोंद नाही, ड्रायव्हरचा जबाब वेगळा, खरा क्लीनर दवाखान्यात जिवंत. ते खोटे उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडते आणि खरा असता तो दावाही सोबत घेऊन जाते.

आता गाडीतल्या गोष्टी. ज्याला पाठवायचे त्याने माल भरताना हजर राहावे, गाडी सुटताना धावत येऊन चढू नये. दवाने भिजलेली फळे तोडून लगेच भरली तर ती दिल्लीपर्यंत टिकत नाहीत. दव सुकल्यावर तोड, रात्रभर सावलीत ढीग, मग भराई, हा क्रम बगीच्यात सगळ्यांना माहीत आहे. घाईत मोडला जातो तो नेहमी हाच. कॅरेटच्या रांगांमध्ये हवेला वाट हवी. सुटा माल असेल तर खाली आणि कडेने तणस (पेंढा) जाड हवी. ताडपत्री सगळीकडून गच्च आवळली तर फळाची स्वतःची ऊब आत कोंडते, आणि दुसऱ्या दिवशी फाळक्यातून (गाडीच्या मागच्या फळीतून) रस गळायला लागतो. बाजूची ताडपत्री वीतभर वर दुमडून बांधली की हवा खेळते. पाऊस किंवा फार दव आले तर ती खाली सोडायची. हे काम क्लीनर आपणहून करत नाही, मालाच्या माणसाने सांगावे लागते.

दोराचे तसेच. भरल्या गाडीतला माल पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये बसतो आणि भरताना ताणलेला दोर सैल पडतो. वरूडहून निघालेली गाडी पहिल्यांदा थांबायला मुलताई बरे. तिथे तापीचे दर्शन ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे, पण आधी दोर पुन्हा ताणून घ्यावा. पुढे बैतूल ओलांडले की बरेठ्याचा घाट लागतो, आणि सैल दोराची गाडी वळणावर एका अंगाला कलते ती तिथेच.

घाट उतरताना मालाच्या माणसाने एकाच गोष्टीवर कान ठेवायचा, तो इंजिनच्या आवाजावर. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन गुरगुरत राहते, कारण वजन तेच धरून ठेवते. आवाज एकदम शांत झाला आणि वेग वाढतोय असे वाटले तर समजावे की गाडी न्यूट्रल मारली आहे. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर असे करतात. भरलेल्या दहाचाकीचे एकूण वजन अठ्ठावीस टनांच्या घरात जाते. ते सगळे ब्रेकच्या लायनरवर आले की लायनर तापतात, जळका वास येतो आणि पायाखालचा ब्रेक पकड सोडतो. इंजिनच बंद केले असेल तर आणखी वाईट. या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत भरलेली हवा दर दाबागणिक कमी होते आणि स्टेअरिंग दगडासारखे जड होते. डॅशबोर्डवर हवेचा काटा असतो. चालत्या गाडीत तो सात-आठ बारच्या आसपास असावा. पाचच्या जवळ आला की बझर ओरडतो. बझर वाजत असताना गाडी हलवायची नाही, हवा भरू द्यायची. हे ड्रायव्हरला माहीत असतेच. मालाच्या माणसाला माहीत असले म्हणजे 'चल उस्ताद, टाइम होत आहे' हे तोंडातून निघत नाही. आमच्या मते घाटात होणाऱ्या अर्ध्या चुका घाई करणाऱ्या मालवाल्यामुळे होतात, आणि हे आम्ही मालवालेच लिहीत आहोत.

टायरकडे कसे बघायचे हे मात्र प्रत्येकाने शिकूनच निघावे. मागच्या धुरीवर दोन-दोन टायर जोडीने असतात. आतला बसला तरी बाहेरचा फुगलेला दिसतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. थांब्यावर टॉमी (चाक खोलायचा लोखंडी दांडा) घेऊन एकेका टायरवर ठोका मारायचा. हवा असेल तर टॉमी हातात उसळते आणि टणक आवाज येतो. हवा नसेल तर टॉमी तिथेच बसते आणि भद्द असा आवाज येतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. दहा टायरला दोन मिनिटे लागतात. आतला टायर बसलेल्या गाडीत सगळा भार शेजारच्यावर येतो, दोन्ही एकमेकांवर घासतात, रबर तापते. रात्री रस्त्याकडेला चाकांपासून पेटलेली गाडी दिसते, त्यातल्या पुष्कळ गाड्यांची सुरुवात इथून झालेली असते. ठोका मारून झाला की तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ न्यायची, टेकवायची नाही. सगळी चाके कोमट आणि एकच तापलेले असेल, तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंगमधले ग्रीस संपले आहे. अशा चाकावर लगेच पाणी ओतू नये, तापलेला ड्रम तडकतो. रस्त्यात चाक बदलले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. नवखा माणूस मदत करायला जातो आणि सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो. जॅक लावताना समोरच्या चाकाखाली दगड नाही, लाकडी ठोकळा. आणि वर उचललेल्या गाडीखाली कोणीही डोके घालायचे नाही, मग काम कितीही किरकोळ असो.

बसायची जागा डावीकडची. तिथे बसलेल्याला एक काम आपोआप लागते. ड्रायव्हरला डावीकडचे, बंपरच्या खालचे आणि दारालगतचे काही दिसत नाही. गावातून जाताना डाव्या अंगाने घुसणारी मोटारसायकल, शेळ्या, कापसाने भरलेली मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली हे सगळे ह्यालाच आधी दिसते. ते ओरडून सांगायचे नाही. 'डावीकडे गाडी आहे', 'मोकळे आहे', एवढेच, एका सुरात. गाडी मागे घेताना उतरावे लागले तर ठीक मागे उभे राहू नये. ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसू अशा बेताने उजव्या बाजूला, दहा पावले अंतरावर उभे राहावे. खुणा आधी ठरवाव्यात, एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे, कंडक्टरच्या घंटीसारखे. आरशात माणूस दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचे, हेही आधीच बोलून घ्यावे. मंडीच्या गर्दीत पहाटे या एका गोष्टीवर जीव टांगलेला असतो.

केबिनमधून उतरताना तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे, दोन हात आणि एक पाय कायम पकडीत. उडी मारायची नाही. आठ-दहा तास बसलेला गुडघा उडी झेलत नाही आणि घोटा मुरगळलेला माणूस मंडीत काय कामाचा? दार उघडण्याआधी आरसा बघायचा.

सीटबेल्ट डावीकडच्या सीटलाही असतो. तो सीटच्या फटीत, जुन्या पेपर आणि शेंगांच्या टरफलांखाली सापडतो. निघण्याआधी ओढून काढावा आणि लावावा. न लावल्याचा दंड एक हजार आहे. समोरची काच किती जवळ आहे ते एकदा हात लांब करून बघावे, म्हणजे दंडाची गरज पडत नाही. मागच्या बर्थवर झोपलेल्याला बेल्ट नसतो, म्हणून जमेल तेवढी झोप गाडी उभी असताना काढलेली बरी.

पण झोपेचा खरा प्रश्न ड्रायव्हरचा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. दिल्लीचा पल्ला साधारण हजार-अकराशे किलोमीटरचा. बैतूल, भोपाळ, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा. सरासरी ताशी चाळीस धरली तरी नुसत्या चालण्याचे पंचवीस-सत्तावीस तास होतात. आठ तासांच्या हिशोबाने एका ड्रायव्हरच्या गाडीला तीन-साडेतीन दिवस द्यायलाच हवेत. दीड दिवसात पोहोचव म्हणणाऱ्याने दुसरा ड्रायव्हर द्यावा. भाडे ठरवतानाच हे बोलावे, वाटेत नाही.

रात्री दोन ते पाच या वेळेत मालाच्या माणसाने झोपायचे नाही. त्याची तिकडची खरी नोकरी हीच आहे. ड्रायव्हर जांभया देतो तेव्हा उशीर झालेला नसतो. मान चोळणे, खिडकी वारंवार खाली-वर करणे, समोरच्याला डिप्पर द्यायचे विसरणे, डावे चाक पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येणे, ही चिन्हे दिसली की बोलून उपयोग नाही, थांबायला लावायचे. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) तोंडात टाकून झोप जाते हा आमच्या विदर्भातला मोठा गैरसमज आहे. खर्ऱ्याने तोंड चालू राहते, डोळे मिटायचे तेव्हा मिटतात. मोठ्याने गाणी लावणे आणि गार वारा घेणे यांचा असर पाच-दहा मिनिटांचा. चालते ते एवढेच, पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी आत घेणे, चहा पिणे आणि लगेच वीस मिनिटे पडणे. चहाचा असर यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून चहा आधी आणि झोप नंतर. मालाच्या माणसाने मोबाइलवर गजर लावून जागे राहावे.

गाडी हायवेच्या कडेला उभी करून झोपणे हा प्रकार बंदच व्हायला पाहिजे. बंद पडली आणि हलवता येत नसेल तर चारही इंडिकेटर चालू, मागे पन्नास पावलांवर त्रिकोण, आणि माणसांनी गाडीच्या मागे किंवा आत न थांबता रस्त्याच्या खाली, लांब. झाडाच्या फांद्या आणि धोंडे मांडायची आपली पद्धत आहे. मांडा, पण निघताना उचला. मागे राहिलेल्या धोंड्यावर पुढची मोटारसायकल जाते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर, रुग्णवाहिकेला १०८, बाकी सगळ्याला ११२. जवळचा किलोमीटरचा दगड वाचून ठेवला तर पत्ता सांगता येतो. मध्यरात्री 'ब्यावऱ्याच्या पुढे कुठेतरी' हा पत्ता होत नाही.

थंडीचे वेगळे लिहितो, कारण आंबियाचा माल हिवाळ्यात वर जातो आणि आमच्या पोरांना तिकडच्या थंडीचा अंदाज नसतो. ग्वाल्हेरच्या पुढे डिसेंबर-जानेवारीत धुके असे येते की बोनेटच्या पुढे रस्ता संपतो. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जाणे हा उपाय नाही, कारण तो दिवा ज्या खड्ड्यात जाईल त्यातच आपण जाणार. हेडलाइट डिप्परवर, काच दोन बोटे खाली आणि कान उघडे. त्यापेक्षा सरळ पंपावर थांबून ऊन पडू द्यावे. दोन-चार तास उशीर झालेले संत्रे विकले जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बंद केबिनमध्ये शेगडी, कोळसा किंवा गॅसचा छोटा सिलिंडर पेटवून झोपायचे नाही, कितीही थंडी असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही, एवढेच होते. घोंगडी, कानटोपी, पायमोजे आणि दोन जाड चादरी घरूनच न्याव्यात. स्वयंपाक करायचाच तर बाहेर, डिझेलच्या टाकीपासून दूर.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या पिकाची, गाडी फेब्रुवारी-मार्चपासून निघते तेव्हा उलट. जुन्या गाड्यांत इंजिन केबिनच्या खालीच, त्यामुळे पायाखालून ऊब आणि वरून ऊन. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण रस्त्यावर जुन्याच गाड्या जास्त आहेत आणि त्या आणखी पंधरा वर्षे चालतील. माणशी पाच लिटर पाणी, ओला दुपट्टा, मीठ-साखरेचे पाणी. दुपारी गाडी उभी असताना तिच्याखालच्या सावलीत चटई टाकून झोपणारे आम्ही नेहमी पाहतो. त्यांना हात धरून उठवावे. दुसरा ड्रायव्हर येतो, स्टार्टर मारतो, खाली कोण आहे हे त्याला माहीत नसते.

खाण्याचे फार लिहीत नाही. पहिल्या दिवसाला भाकरी, ठेचा, जवसाची चटणी घरची न्यावी, रात्री ढाब्यावर पोटभर तिखट-तेलकट खाऊ नये, आणि ड्रायव्हरलाही आग्रह करू नये.

दिल्लीत शिरताना जड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळा नो एंट्री असते आणि हिवाळ्यात प्रदूषण वाढले की जुन्या इंजिनाच्या गाड्यांवर बंदी येते. जीवनावश्यक मालाला त्यात सवलत मिळते, पण नियम हंगामात बदलतात. म्हणून गाडी ठरवतानाच ती बीएस-४ आहे की बीएस-६ (इंजिनाच्या धुराचा दर्जा), हे आरसीवर बघावे. दलालाला निघायच्या दिवशी फोन करून चालू स्थिती विचारावी. हद्दीवर बारा तास अडकलेल्या गाडीतला माल आपला असतो, भाडे मात्र गाडीवाल्याचे चालूच असते.

माल उतरला, पट्टी हातात आली, बाकी भाडे दिले. आता या सगळ्यातला सर्वांत मोठा फसवा भाग. येताना तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तीच सीट, प्रवासात घरोबा झालेला. गाडी आग्ऱ्याहून बटाटा भरते किंवा आणखी कोणाचा माल घेते, आणि आपला माणूस 'बसून जाऊ' म्हणत चढतो. त्या मालाशी त्याचा काही संबंध नाही. जाताना तो मालाचा प्रतिनिधी होता, येताना तो कायद्याच्या भाषेत फुकटचा प्रवासी आहे. गाडी रिकामी असेल तरी तोच वाद उभा राहतो. दिल्लीहून नागपूरला रोज रेल्वेगाड्या आहेत. परतीच्या रेल्वे तिकिटाचे पैसे मालाच्या खर्चातच धरावेत, हमालीसारखे. पोरगा तेवढे वाचवून बटाट्याच्या गाडीने येतो आणि घरचे कौतुक करतात. कौतुक करू नये.

गाडीच्या विम्यावरच सगळा भार न टाकता दोन गोष्टी घरी करून ठेवता येतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूवर दोन लाख मिळतात. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. म्हणून मे अखेरीस खात्यात पैसे आहेत का बघावे, नाहीतर संरक्षण गेलेले कळतही नाही. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सातबारा असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक जण यांच्यासाठी आहे, त्यात रस्ता अपघात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत जावा लागतो. तेराव्याच्या गडबडीत हे दिवस निघून जातात, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हे ठाऊक असू द्यावे. जखमीसाठी मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचारांची योजना आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयात. परक्या राज्यात पैसे भरा म्हणून अडवले तर हे नाव घेऊन विचारता येते.

आमची मागणी मोठी नाही. आमच्या भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिल्टी-बुक छापताना 'मालासोबत जाणाऱ्या प्रतिनिधीचे नाव व सही' अशी एक ओळ छापून घ्यावी, आणि बाजार समितीच्या काट्यावर वजनाची चिठ्ठी देताना ती ओळ भरली आहे का एवढे विचारले जावे. कोणी जात नसेल तर तिथे आडवी रेघ मारावी, कोरी सोडू नये, म्हणजे मागाहून भलतेच नाव घुसवता येणार नाही. यंदाची बुके छापायला टाकण्याआधी हे पत्र छापून आले तर बरे होईल.

आपले,
संत्र्याच्या गाडीसोबत जाणारे आणि पाठवणारे काही बागायतदार,
ता. वरूड, जि. अमरावती